रिठ्याच्या पाण्यातला ऑसिलोस्कोप

सगळं झालं ते एका बरोबरच्या खुणेमुळे. केवढीशी ती खूण. पेनाचं टोक खाली नेऊन वर उचललं की झाली. पण भारतीने ती 'ऑसिलोस्कोप, सन १९६४, नग एक' या ओळीपुढे 'चालू' या रकान्यात केली आणि खाली सहीसुद्धा ठोकली. यंत्र चालू आहे की बंद, हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं, कारण त्याचं बटण दाबायची तिची हिंमत झाली नव्हती.

(भारतीच्या हिमतीविषयी आधीच सांगून टाकलेलं बरं. कुकरची शिट्टी होणार हे ठाऊक असताना, डोळे त्या शिट्टीवरच रोखून उभी असताना, ती शिट्टीला दचकते. दारावरची बेल तिने स्वतः दाबली तरी दचकते. शिक्षण एम. एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास.)

दिवस होते दोन हजार चौदाच्या मे महिन्याचे. दोन जूनला राज्याची दोन राज्यं व्हायची होती आणि अख्ख्या हैदराबादेतली सरकारी माणसं पंखे, खुर्च्या आणि कपाटं मोजत सुटली होती. भारती एका सरकारी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत कंत्राटी डेमॉन्स्ट्रेटर होती. तिथेही यादी चालली होती. चालू वस्तू दोन्ही राज्यांत अठ्ठावन्न-बेचाळीस या प्रमाणात वाटायच्या, बंद वस्तू भंगारात काढायच्या.

आणि कोपऱ्यात, फुलाफुलांच्या प्लास्टिकखाली, लोखंडी ट्रंकेएवढा तो ऑसिलोस्कोप होता. विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. दवाखान्यात हृदयाचा आलेख निघतो, तसं काहीसं. वजन तीस किलो, बटणं चाळीस, मध्ये गोल पडदा. वर कुणीतरी कधीकाळी चिठ्ठी चिकटवली होती, 'हात लावू नये.' मेलेल्या वस्तूवर कोण कशाला असं लिहील, असा शास्त्रीय विचार भारतीने केला आणि खूण करून टाकली.

दोन दिवसांनी पत्र आलं. सोमवारी समिती येणार. 'चालू' लिहिलेली प्रत्येक वस्तू चालवून बघणार. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्याचं कंत्राट एक जूनपासून बंद.

विभागप्रमुख वेंकटेश्वर्लु सरांनी तिला बोलावलं. तिच्या सहीखाली त्यांची सही होती आणि ते महिनाअखेरीस रिटायर होत होते.

"अम्मा भारती, तो डबा चालतो ना?"

"बहुतेक, सर."

"बहुतेक असा रकाना फॉर्मात नाही, अम्मा."

मग दोघांनी मिळून बटण दाबलं. म्हणजे सरांनी दाबलं, भारतीने सरांना धीर दिला, दारातून. आत पंखा घरघरला. मग जाळीच्या भोकांतून एकेक करून नारिंगी उजेड दिसू लागला. टँकबंडवर, तळ्याच्या बांधावर, उभं राहून संध्याकाळी पलीकडचं सिकंदराबाद पेटत जाताना बघावं, तसा. भारती नकळत दोन पावलं पुढे आली. एवढं सुंदर काहीतरी तीन वर्षं आपल्या खुर्चीमागे प्लास्टिक पांघरून बसलं होतं, याचं तिला नवल वाटलं.

तेवढ्यात आत चर्र चट् झालं आणि जळक्या धुळीचा वास आला. भारती व्हरांड्यात पोचली तेव्हा सर तिथे आधीच होते.

"मी मेन स्विच बघायला आलो," सर म्हणाले. मेन स्विच आत होता.

आबिड्सच्या मागच्या गल्लीत, जिन्यावर, दुरुस्तीवाल्या गफूरसाहेबांची खोली होती. रेडिओच्या जमान्यातला हा माणूस, वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरणारे. त्यामुळे आता ते यंत्राला हात लावत नसत, फक्त सांगत. भारतीने सगळी हकीकत सांगितली.

"वो कुछ खराब नई है बेटा. मैला हो गया," गफूरसाहेब म्हणाले. "पचास साल की मिट्टी है अंदर. मिट्टी में से बिजली भागती. नहलाओ उसकू."

"नहलाऊं?"

"हौ. बच्चे कू नहलाते ना, वैसा."

"पानी से?"

"नई तो क्या, इत्तर से?"

म्हातारा थट्टा करतोय असं तिला वाटलं. पण परतीच्या बसमध्ये तिने यंत्राबरोबरची जुनी पुस्तिका उघडली आणि तिथेही तेच. झाकणं काढा, व्हॉल्व्ह काढा, ट्रान्सफॉर्मर झाका, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. तिने ते तीनदा वाचलं. बरकतपुरा कधी मागे गेला ते कळलंच नाही.

मे महिन्यात कॉलेजच्या नळाला पाणी नसायचं. तेव्हा यंत्र नल्लकुंट्याला घरी न्यायचं ठरलं. गेटपासवर कारण काय लिहायचं, हा प्रश्न होता. दुरुस्ती लिहावं तर ते बंद आहे हे कबूल केल्यासारखं. सरांनी बराच विचार करून 'साफसफाईसाठी' असं लिहिलं, आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर निव्वळ खरं लिहिलं गेलं.

घरी सासूबाई होत्या. मालनबाई, वय अडुसष्ट. मराठवाड्यातून निजामाच्या नोकरीसाठी इथे आलेल्या घराण्यातल्या, आणि अजून कशालाच न दचकलेल्या. ऑटोवाला आणि यशवंत (म्हणजे भारतीचा नवरा) असे दोघे वाकून तो डबा आत आणत होते, तेव्हा त्यांनी फक्त चष्मा वर केला.

"हे काय?"

"सरकारी आहे, आई. सोमवारपर्यंत चाललं नाही तर माझी नोकरी जाईल."

"कुणाला द्यायचंय?"

"दोन राज्यांत वाटायचंय."

"छप्पन सालच्या राज्यवाटणीत, आमच्या मामंजींच्या वेळेस, माणसं वाटली होती. आता डबे वाटताहेत. बरं आहे, डबे रडत तरी नाहीत." मग त्यांनी जाळीत बोट घालून पाहिलं आणि ते बोट भारतीपुढे धरलं. "आणि हे कधी धुतलंय?"

"चौसष्टपासून नाही. सौम्य साबण लागेल म्हणताहेत."

"सौम्य म्हणजे रिठा. माझा लग्नातला शालू पन्नास वर्षं रिठ्यात धुतेय, त्याची जर काळी पडली का? आणि तू परक्याच्या वस्तूला ती निळी पावडर लावणार होतीस."

भारती ती निळी पावडरच लावणार होती.

प्लग काढून एक अख्खा दिवस आत हात घालायचा नाही, मग एक हात पाठीशी ठेवून, साठलेली वीज तारेने उतरवायची, अशी गफूरसाहेबांची ताकीद होती. भारतीने ते इतक्या भक्तिभावाने केलं की मालनबाईंनी विचारलं, "एका हाताने नमस्कार कुणाला चाललाय?" मग व्हॉल्व्ह निघाले. जुन्या रेडिओत तापून उजळायच्या तशा काचेच्या लहानलहान बाटल्या, एकतीस. कुठला कुठून निघाला हे विसरायला नको, म्हणून मालनबाईंनी मधल्या खोलीत फरशीवर रांगोळीने यंत्राचा नकाशाच काढला. वरच्या ओळीत सात ठिपके, मध्ये नऊ, उजवीकडे वळण. ज्या जागचा व्हॉल्व्ह त्या ठिपक्यावर.

"आई, याची गरज नाही," भारती म्हणाली. "प्रत्येकावर नंबर छापलेला आहे. पुस्तिकेत जागाही दिली आहे."

"असू दे. रांगोळीला काय पगार द्यायचाय?"

मग मोरीत पाट, पाटावर यंत्र, ट्रान्सफॉर्मरला दुधाच्या पिशव्यांची टोपी, आणि मालनबाईंच्या हातात रिठ्याच्या फेसाचा मऊ ब्रश. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं. दुसरं चहासारखं. तिसरं स्वच्छ. आणि त्या स्वच्छ पाण्याखालून जे निघालं ते बघायला दोघी पाटाशी वाकल्या. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत चांदीची झिलई, आणि एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर गेलेल्या रंगीत रेघांच्या शेकडो तारा, प्रत्येक तेवढीच वाकलेली.

"हे बायकांच्या हातचं काम आहे," मालनबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"एक तार जास्त सोडलेली नाही कुठे. बघ ना."

भारतीने एम. एस्सी.ला दोन वर्षं सर्किटं पाहिली होती, म्हणजे फळ्यावर पाहिली होती. असं भरजरी सर्किट तिने कधी पाहिलं नव्हतं.

ऊन त्रेचाळीस अंशांचं होतं. गच्चीत बाजेवर कुरडया आणि सांडगे वाळत होते, त्यांच्या शेजारी ऑसिलोस्कोप वाळत पडला. कठड्यापलीकडून शेजारच्या सुशीलाबाईंनी विचारलं, "मालनबाई, हे काय घातलंय?"

"यंत्र आहे, सुनेच्या कॉलेजचं."

"किती दिवस लागतात?"

"कुरडयांइतकेच."

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग शनिवारी दुपारी मालनबाई आडव्या झाल्या आणि भारतीला अवदसा आठवली.

यंत्र एवढं लखलखीत आणि हे व्हॉल्व्ह तसेच धुळकट, हे तिला बघवेना. तिने रोळी घेतली, रांगोळीवरचे एकतीस व्हॉल्व्ह त्यात गोळा केले आणि मोरीत नेले. जागा कशाला लक्षात ठेवायच्या? नंबर छापलेले होते. फरशीवरून चालून जाताना निम्मी रांगोळी पुसली, तेही तिने मनावर घेतलं नाही. रिठ्यात एकेक व्हॉल्व्ह बुडवून, बोटाने चोळून, धुऊन तिने ओळीने मांडला. एकतिसावा मांडला तेव्हा तिचं लक्ष बोटांकडे गेलं. बोटांची टोकं पांढरट झाली होती.

मग तिने व्हॉल्व्हकडे पाहिलं. एकतीस स्वच्छ, पारदर्शक, निर्मळ बाटल्या. एकावरही अक्षर नाही. चुकीचा व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसला तर जळणार, एवढं तिला शिक्षणामुळे नक्की माहीत होतं. (शिक्षणाचा त्या दिवशी झालेला हा एवढाच उपयोग.)

यशवंत आला तेव्हा ती रोळीपाशी बसून रडत होती.

"गेली नोकरी," ती म्हणाली. "आईंनी रांगोळी काढून दिली होती. मीच पुसली. आणि नंबर मीच धुतले. बाहेरचं कुणी आलंसुद्धा नव्हतं."

"चोराला तरी एवढं जमलं नसतं," यशवंत म्हणाला. हे त्याने समजूत घालण्यासाठी म्हटलं होतं.

मालनबाई उठून आल्या. त्यांनी रोळीकडे पाहिलं, पुसलेल्या रांगोळीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. ते शेवटचं पाहणं भारतीला सर्वांत भयंकर वाटलं. मग त्या फरशीवर बसल्या आणि एक व्हॉल्व्ह हातात घेतला.

"धुतलेही नीट नाहीस. रिठ्याचा डाग राहिलाय." लहानपणी कंदिलाच्या काचा पुसायचं काम त्यांच्याकडे असे. त्याच सवयीने त्यांनी व्हॉल्व्ह तोंडाजवळ धरला, त्यावर हाऽऽ करून श्वास सोडला आणि पदर उचलला. पदर तसाच राहिला. "भारती, हे काय आहे गं?"

काचेवर वाफ धरली होती आणि त्या वाफेत, जिथे बोटाने चोळून चोळून काही उरलं नव्हतं तिथे, एक नंबर उमटला होता. फिकट, पण सबंध. भारतीने वाचेवाचेपर्यंत वाफ उडाली, नंबरही गेला. मालनबाईंनी पुन्हा हाऽऽ केलं. पुन्हा आला.

शाई गेली तरी काचेला ती कुठे होती हे आठवत होतं. भारतीच्या अंगावर काटा आला, आणि या खेपेला तो भीतीचा नव्हता.

मग तिघं मांडी घालून बसली. हाऽऽ, नंबर, कागद. हाऽऽ, नंबर, कागद. यशवंतने दुपारी लसणाची चटणी खाल्लेली असल्यामुळे त्याच्या व्हॉल्व्हचे नंबर अंतर राखून वाचावे लागत होते. सुशीलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या. दारातून त्यांना दिसलं ते असं, की अख्खं कुटुंब रोळीभोवती बसून बाटल्यांवर सुस्कारे टाकतंय. त्या साखर न घेताच गेल्या. पण तोवर एकतीसच्या एकतीस जागा लागल्या होत्या.

रविवारी सकाळी यंत्र जोडलं. गफूरसाहेब फोनवर. आधी यंत्राच्या वाटेत शंभरचा बल्ब लावून वीज सोडली; आत काही चुकलं असेल तर तो भडकलेलाच राहणार होता. बल्ब भडकून उजळला आणि हळूहळू मंदावला. "माशाल्ला. अब सीधा लगाओ," फोनमधून आवाज आला. भारतीने बल्ब काढून प्लग भिंतीत लावला आणि बटण स्वतः दाबलं. (डोळे मिटून, पण स्वतः.) पंखा फिरला, सिकंदराबाद पेटलं, चर्र झालं नाही. घरभर गरम रिठ्याचा वास सुटला. वीस मिनिटांनी पडद्यावर एक हिरवा ठिपका आला.

आणि तिथेच बसला. त्याने उजवीकडे पळत रेघ ओढायला हवी होती.

"एक हाथ पीछे," गफूरसाहेब म्हणाले. "लकडी से पट्टियां ठोको, आहिस्ता. बिंदी कब उछलती, देखना."

मालनबाईंनी रवीचा दांडा काढून दिला. भारती ठोकत गेली, यशवंत पडद्याकडे बघत राहिला. तिसऱ्या पट्टीवर तो म्हणाला, "उडाला." प्लग काढून, थांबून, वीज उतरवून पाहिलं तर तिथे एक तार खाचेतून सुटली होती. व्हॉल्व्ह ओढताना भारतीच्याच हाताने.

"डाख लावते," ती म्हणाली.

"ठैरो. बाजार का टाका नको. वो पट्टी की चांदी खा जाता. बाजू में देखो, अंदर, छोटी चकरी होंगी."

भारतीने टॉर्च आत मारला. यंत्राच्या आतल्या भिंतीला एक खुंटी होती आणि खुंटीवर डाखाच्या तारेची छोटी गुंडाळी. चांदी मिसळलेली. एकदाही न वापरलेली.

"ये किसने रखा, चचा?"

"बनानेवालों ने. उनकू मालूम था, कभी ना कभी टूटेंगा. जो जोडेंगा उसके वास्ते रख दिए."

चौसष्ट साली भारतीची आई तीन वर्षांची होती. समुद्रापलीकडे कुणीतरी तेव्हा बसून, न पाहिलेल्या बाईने न केलेल्या चुकीसाठी ही तार गुंडाळून ठेवली होती. भारतीने तिच्यातली बोटभर तोडली, तेवढीच. बाकी परत खुंटीवर ठेवली. डाख लावताना आपण एकदाही दचकलो नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं आणि मग मात्र ती दचकली.

ठिपका हलला. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार, केसासारखी बारीक रेघ ओढली गेली. मालनबाईंनी हात जोडले. दोन्ही.

सोमवारी समिती आली. अध्यक्ष, दोन्ही होऊ घातलेल्या राज्यांचा एकेक प्रतिनिधी, आणि यादी धरलेला कारकून. भारतीने सकाळीच यंत्र तापवून ठेवलं होतं. अध्यक्षांनी रेघ पाहिली आणि चष्मा काढून पुन्हा पाहिली.

"हे टोक धरा, सर," भारतीने तार पुढे केली. त्यांनी बोट टेकवलं. रेघ वाकली, फुगली आणि डुलत डुलत एक मोठी लाट झाली.

"हे माझं आहे?"

"भिंतींतल्या विजेचं, सर. तुमच्या अंगातून दिसतंय."

मग दोन्ही प्रतिनिधींनी बोटं लावून पाहिली. त्यांच्याही लाटा तेवढ्याच निघाल्या. पाच मिनिटं ते तिघे साहेब आळीपाळीने तार धरत होते आणि कारकून रांगेत उभा होता. नंतर भानावर येऊन, यंत्र आमच्या वाट्याला, असं दोन्ही प्रतिनिधी एकदम म्हणाले. एकजण अठ्ठावन्न टक्क्यांवर आला, दुसरा, लगेच भाड्याचा ट्रक आणतो, इथवर आला.

"हलवलं तर चालेल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, सर," वेंकटेश्वर्लु सर म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या ठामपणे ते प्रथमच बोलत असावेत. "आणि हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे चालवताही येत नाही."

"मग हिलाही लिहा," अध्यक्ष म्हणाले.

कारकून विचारात पडला. यादीत माणसांचा रकाना नव्हता. अखेर त्याने ऑसिलोस्कोपखाली नवी ओळ आखली आणि लिहायला घेतलं.

संध्याकाळी भारतीने त्या पानाचा फोटो घरी दाखवला. नोकरी राहिली होती. कंत्राट पक्कं होतं. मालनबाईंना इंग्रजी येत नसल्यामुळे यशवंतने मराठीत वाचून दाखवलं. क्रमांक दोनशे चौदा, ऑसिलोस्कोप, नग एक, चालू. शेरा: जुने. तापायला वीस मिनिटे लागतात. जागेवरून हलवू नये. क्रमांक दोनशे चौदा-अ, श्रीमती भारती, नग एक, चालू. शेरा: वरीलप्रमाणे.

यशवंत हसायचा थांबेना. भारतीने आशेने सासूबाईंकडे पाहिलं. मालनबाईंनी फोन हातात घेतला, न वाचता येणाऱ्या त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"वीस मिनिटांचं खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हिला सकाळी चहा देऊनसुद्धा तास लागतो."